घशातली खवखव

साधारण तिसऱ्या आठवड्यात घसा खवखवायला लागतो. एक माणूस समोर धरू. वय अठ्ठावीस, चाकणच्या एखाद्या कारखान्यात नोकरी, लग्न ठरलेलं. मित्रांबरोबर बाहेरगावी गेला असताना मसाज पार्लरमध्ये जे घडलं ते हातापुरतं, फार तर तोंडापुरतं. किंवा सगळंच घडलं, पण निरोध होता आणि तो फाटला नव्हता. परत आल्यावर दोन आठवडे सुरळीत जातात. मग एका पहाटे घसा दुखतो. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघितली जाते आणि ती पांढरट दिसते. पहाटे उठल्या उठल्या कुणाचीही जीभ पांढरटच दिसते, पण हे त्या वेळी सांगणार कोण? मानेतल्या गाठी चाचपल्या जातात आणि चाचपून चाचपून खरोखरच दुखऱ्या होतात. ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण आपण पैसे खाणाऱ्यांसाठी वापरतो. इथे ती अक्षरशः घशात येऊन बसते.

हा माणूस एकटा नाही. तपासणी केंद्रांतले समुपदेशक, त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञ, हेल्पलाइनवर बसणारी मंडळी यांना तो रोज भेटतो. त्याची कहाणी दर वेळी इतकी सारखी असते, की पहिल्या दोन वाक्यांनंतर पुढचं ऐकणाराच सांगू शकेल. तरीही एचआयव्हीच्या या भीतीकडे आपण एक स्वतंत्र प्रश्न म्हणून क्वचितच पाहतो. डॉक्टरांच्या लेखी तो रोगी नाही, घरच्यांना काही माहीत नाही, आणि सरकारी आकडेवारीत तो ‘निगेटिव्ह’च्या रकान्यात जातो.

आधी धोक्याचं गणित बघू. जोडीदाराला एचआयव्हीची लागण आहे, त्यावर उपचार चालू नाहीत आणि निरोध वापरलेला नाही, असं धरलं तर दर दहा हजार संबंधांमागे किती वेळा लागण होते, याचे अंदाज अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने दिले आहेत. योनिसंबंधात पुरुषाला ४ वेळा, बाईला ८ वेळा. गुदसंबंधात करणाऱ्याला ११ आणि करवून घेणाऱ्याला १३८. दूषित सुई वाटून घेतल्यास ६३. दूषित रक्त चढवलं तर मात्र ९,२५०, म्हणजे जवळपास प्रत्येक वेळी. मुखमैथुनापुढे आकडाच नाही, ‘अत्यल्प’ एवढाच शेरा आहे. हाताने केलेल्या गोष्टीला या यादीत जागाच नाही, कारण तिथून एचआयव्ही जात नाही.

आता दुसरा गुणक. समोरच्या व्यक्तीला लागण असण्याची शक्यता किती? भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये ते देशपातळीवरच्या पाहण्यांत दोन टक्क्यांच्या आसपास सापडतं. दोन्हींचा गुणाकार केला तर निरोधाशिवायच्या एका योनिसंबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता सव्वा लाखात एक अशी काहीतरी येते. ही सरासरी आहे. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल, समोरच्याची लागण अगदी ताजी असेल, तर ती कितीतरी पटींनी वाढते. निरोध नीट वापरला असेल तर तितकीच खाली येते.

हे गणित त्या घाबरलेल्या माणसाला सांगून बघा. तो मन लावून ऐकेल, मान डोलवेल आणि विचारेल, “पण तो सव्वा लाखातला एक मीच असलो तर?” रस्त्यावरच्या अपघाताची शक्यता याहून मोठी असते आणि तो रोज हेल्मेट न घालता कंपनीत जातो. तिथे त्याला हा प्रश्न पडत नाही. माझ्या मते खरी मेख इथे आहे. अपघात झाला तर तो अपघात असतो. इथे मात्र रोग झाला तर तो निकाल वाटतो.

रोगाला निकाल मानायची सवय जुनी आहे. भावमिश्राने सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ रोगाचं, म्हणजे सिफिलिसचं, वर्णन केलं, तेव्हा नावातच तो दुसऱ्याच्या पदरी बांधला: फिरंग्यांच्या संगतीने येणारा. मराठी बोलीत त्याला गरमी म्हणत आणि प्रमेहाला (गनोरियाला) परमा, आणि हे शब्द आवाज खाली आणूनच उच्चारायचे असत. १९०६ साली जर्मनीत वासरमान चाचणी निघाली आणि गरमी रक्तात ‘दिसू’ लागली. त्या चाचणीची गंमत अशी, की ती जंतूला ओळखतच नव्हती. शरीराच्या पेशींत असणाऱ्या एका स्निग्ध द्रव्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं ती पकडायची. त्यामुळे हिवताप झालेला, कुष्ठरोग असलेला, कधी गरोदर बाईही पॉझिटिव्ह येई. तिचीच नात म्हणावी अशी व्हीडीआरएल चाचणी आजही आपल्याकडे गरोदरपणात सर्रास होते, आणि म्हणूनच ती पॉझिटिव्ह आली की दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने खात्री करायची असते. ही खात्री होण्याआधी घराघरांत काय काय होतं, ते सांगायला नको.

या भीतीवर मराठीत पहिल्यांदा कुणी शांतपणे बोललं असेल तर ते र. धों. कर्वे. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ नावाचं पुस्तक त्यांनी लिहिलं आणि १९२७च्या जुलैपासून १९५३ साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यातली वाचकांची प्रश्नोत्तरं हा त्या मासिकाचा प्राण होता. उत्तरांत ना दटावणी, ना कीर्तन. शरीराबद्दलच्या प्रश्नाला शरीराबद्दलचं उत्तर. १९३४ साली खटला झाला तोही या प्रश्नोत्तरांवरूनच, आणि कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. दंड झालाच. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, पण त्याची दुसरी बाजू ध्यानात ठेवावी: प्रश्न विचारण्याची ती एक खिडकी बंद झाल्यावर तिच्या जागी लोकलच्या डब्यात चिकटवलेली ‘शर्तिया इलाज’वाली पत्रकं आली.

मग १९८६ साल आलं. चेन्नईत वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना देशातली पहिली एचआयव्ही लागण सापडली. त्यानंतर तीनच वर्षांनी गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, रक्तदानातून लागण उघड झाल्यावर, पोलिसांनी उचललं आणि सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली एका जुन्या आरोग्यधामात ६४ दिवस कोंडलं. तो गुन्हेगार नव्हता, रक्तदाता होता. मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा असं विलगीकरण ग्राह्यही धरलं. ज्या पिढीने हे वर्तमानपत्रांत वाचलं तिच्या मनात एड्स म्हणजे ताप-खोकला नव्हता. दारात थांबलेली पोलिसांची गाडी होती.

सरकारी प्रचारानेही भीतीचाच हात धरला. ‘एड्स म्हणजे मृत्यू’ या चालीच्या भिंती नव्वदच्या दशकात गावोगावी रंगल्या. २००२च्या सुमारास मुंबईत बलबीर पाशाचे फलक लागले, ‘बलबीर पाशाला एड्स होणार का?’ असं विचारणारे. जाहिरात म्हणून ती अफाट चालली, लोक रस्त्यात तोच प्रश्न एकमेकांना विचारत, हेल्पलाइनवरचे फोन वाढले. पण अशा प्रचाराची एक अडचण असते. तो ज्याच्यासाठी लिहिलेला असतो त्याच्या कानापर्यंत अर्धाच पोचतो, आणि ज्याला मुळातच हात पुन्हा पुन्हा धुवायची सवय आहे त्याच्या मनात कायमचं घर करतो.

त्यानंतर औषधशास्त्र कुठल्या कुठे गेलं. १ एप्रिल २००४पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळू लागली. २०१७पासून लागण कळली की लगेच औषध सुरू, असं धोरण आलं. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने (तिचं नाव आता बदललं आहे) एचपीटीएन ०५२ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला होता. एकाला लागण आहे, दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी त्यात होती. लवकर उपचार केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यातून २०११ साली पुढे आलं. युरोपातल्या पार्टनर अभ्यासांनी उरलेली शंका काढली: औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला असेल, तर निरोधाशिवायच्या हजारो संबंधांतूनही त्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. म्हणजे आज एचआयव्ही हा रोज एक गोळी घेऊन जवळपास पूर्ण आयुष्य जगण्याचा आजार आहे, मधुमेहासारखा. चाकणच्या माणसाला हे ठाऊक नसतं असं नाही. भिंतीवरचा रंग उडाला तरी अक्षरं त्याला अजून वाचता येतात, एवढंच.

आता चाचण्या. इथे जरा थांबायला हवं, कारण भीतीचं खरं इंधन इथे आहे. ‘विंडो पिरियड’ हा शब्द आता रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे आणि त्याने जितका घोळ घातला आहे तितका दुसऱ्या कुठल्या वैद्यकीय शब्दाने घातला नसेल. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा हा काळ. तो चाचणीवर अवलंबून असतो. प्रतिद्रव्यांबरोबर पी-२४ हे विषाणूचं प्रथिनही शोधणारी प्रयोगशाळेतली ‘चौथ्या पिढीची’ चाचणी ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली तर विषय संपला, असं ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बोटातून थेंब घेऊन होणारी, फक्त प्रतिद्रव्यं बघणारी चाचणी असेल तर तीन महिने. सहा महिन्यांचा जो आकडा अजून फिरतो तो जुन्या, कमी तल्लख चाचण्यांच्या काळातला आहे.

आपला माणूस काय करतो? दहाव्या दिवशी दुसऱ्या उपनगरात, वेगळ्या नावाने, खासगी लॅबमध्ये जातो. ‘नॉन-रिॲक्टिव्ह’. एक संध्याकाळ झकास जाते. रात्री आठवतं, दहा दिवस म्हणजे लवकर झालं. तिसाव्या दिवशी पुन्हा. मग पंचेचाळिसाव्या. मग तीन महिन्यांनी. त्यानंतर शंका घर बदलते: नमुना बदलला असेल तर? माझ्या शरीरात प्रतिद्रव्यं उशिरा तयार होत असतील तर? एखादा नवा प्रकार असेल तर? प्रत्येक रिपोर्ट शंका मारत नाही, फक्त तिला पुढच्या गल्लीत पाठवतो.

आणि जास्त चाचण्या म्हणजे जास्त खात्री, हेही खरं नाही. एक हजार सामान्य माणसं घ्या. ०.२ टक्क्यांच्या हिशेबाने त्यांच्यात लागण असलेले दोघे. चाचणी ९९.५ टक्के अचूकपणे निरोग्याला निरोगी म्हणते असं धरा. उरलेल्या ९९८ जणांतले पाच जण तरीही चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह सात, आणि त्यातले खरे दोनच. म्हणूनच सरकारी केंद्रांत एका चाचणीवर निदान करत नाहीत. लक्षणं नसलेल्या माणसात तीन वेगवेगळ्या किट्सवर तेच उत्तर आलं तरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगी लॅबच्या ‘फुल एसटीडी पॅनेल’ला इतका धीर नसतो. दहा-बारा चाचण्यांची पुडी, घरी येऊन रक्त नेणार, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. त्यात नागिणीच्या भावकीतल्या हर्पिसची आयजीजीही असते. हर्पिसचा पहिला प्रकार जगातल्या पन्नाशीखालच्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या अंगात आहे, बहुतेकांना तो लहानपणी घरातल्यांच्या पाप्यांतून आलेला असतो. ती चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्या पार्लरमधल्या रात्रीबद्दल ती काहीच सांगत नाही. पण रिपोर्टवर लाल अक्षरं असतात. लक्षणं नसताना ही चाचणी करू नका, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने स्पष्ट म्हटलं आहे. पॅनेल विकणाऱ्यांनी ते वाचलं नसावं, किंवा नीट वाचलं असावं.

धीर देण्याच्या भरात खोटंही बोलू नये. ‘कमी धोका’ म्हणजे शून्य नव्हे, आणि गुप्तरोग म्हणजे फक्त एचआयव्ही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली परमा, क्लॅमिडिया, गरमी आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या रोगांच्या ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी जगात झाल्या. मुखमैथुनातून एचआयव्ही जवळजवळ होत नाही, पण परमा, गरमी आणि हर्पिस होऊ शकतात. परमा पुरुषात बहुधा आठवड्याभरात जळजळ आणि पू घेऊन येतो. गरमीचा न दुखणारा चट्टा दहा ते नव्वद दिवसांत कधीही. क्लॅमिडिया अनेकदा काहीच कळू देत नाही. निरोध झाकतो तेवढंच वाचवतो. म्हणून मुखमैथुनानंतर एकदा लघवीची तपासणी आणि तीन महिन्यांनी एकदा गरमीची रक्तचाचणी, हे शहाणपण. सापडलंच तर गोळ्या-इंजेक्शनने बरे होणारे हे रोग आहेत. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये पू येण्याच्या तक्रारीवर करड्या रंगाचं किट मिळतं, एका दिवसाच्या गोळ्यांचं, फुकट. खरोखरच मोठा धोका झाला असेल, निरोध फाटला आणि समोरची व्यक्ती बाधित असल्याचं कळलं, तर ७२ तासांच्या आत पीईपीची, म्हणजे लागण रोखणारी, औषधं सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. जितक्या लवकर तितकं बरं. त्या वेळी लाजत बसणं महागात पडतं.

पण घाबरलेला माणूस सहसा नेमकं हे करत नाही. तो डॉक्टरकडे जातो ते शिश्नाच्या कडेला ओळीने असलेले बारीक मोत्यासारखे दाणे दाखवायला. तो रोग नसतो, ते अनेक पुरुषांना असतात, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच तिथे टॉर्च मारलेला असतो. पू येतो का हे बघायला तो दिवसातून वीस वेळा लिंग पिळतो. पिळून पिळून मूत्रमार्ग चिडतो, जळजळायला लागतो, एखादा चिकट थेंब दिसतो. मन चिंती ते वैरी न चिंती.

मनोविकारशास्त्राला हे नवीन नाही. चंडीगडचे नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं, तेव्हा वीर्य गेल्याने अंग खचलं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या भारतीय तरुणांचं वर्णन त्यात होतं. पिढी बदलली, अपराधीपणाने कपडे बदलले. आयसीडी-११ या रोगांच्या वर्गीकरणात आजाराच्या भीतीचा विकार ओसीडीच्या कुळात टाकला आहे, ते मला अगदी योग्य वाटतं. कारण इथलं चक्र तेच आहे: शंका, तपासणी, घडीभर आराम, पुन्हा शंका. आराम जितका गोड, तितकी पुढची शंका लवकर. म्हणून “काही होत नाही रे” असं सतराव्यांदा सांगणारा मित्र आणि सतरावी चाचणी लिहून देणारा डॉक्टर, दोघंही नकळत दारुड्याला पेग भरून देत असतात. यावरची उपचारपद्धती सांगायला सोपी, करायला कठीण. शंका येऊ द्यायची, पण आरशापुढे जायचं नाही. जीभ बघायची नाही, गाठ चाचपायची नाही, मोबाइलवर शोधायचं नाही, आणि अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं. सोबतीला औषधंही लागतात, काही महिने. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर चौदावी रक्तचाचणी कामाची नाही, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर कामाचा आहे. लागणीच्या प्रश्नांसाठी १०९७ वेगळा.

या सगळ्या आढाव्यात बाईचा उल्लेख आत्तापर्यंत ओझरताच आला. हा विषय लिहिला जातो तो पुरुषाच्या घशाबद्दलच. १९९७ साली पुण्याच्या रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘जामा’त आला. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या बायकांपैकी १३.६ टक्क्यांना एचआयव्हीची लागण होती. त्यांतल्या बहुतेकींनी नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध ठेवले नव्हते. स्वतःला धोका आहे असं त्यांना वाटायचं काही कारणच नव्हतं. ज्यांना भ्यायला हवं होतं त्यांच्यापर्यंत भीती पोचली नाही, आणि जिथे पोचली तिथे तिचा उपयोग नव्हता. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी आणि गुप्तता मोडणं दोन्ही बेकायदा ठरवलं, पण “मला पण एकदा बघून द्या” असं म्हणायला लागणारी मोकळीक कायद्यातून येत नाही. पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्या दोन वाक्यांत ती बाई आपलं सगळं सांगून मोकळी होते, आणि तिला लोहाच्या गोळ्या मिळतात.

चाकणचा माणूस अखेर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात पोचतो. छोटी खोली, टेबलावर फ्लिपचार्ट, निरोध चढवून दाखवायला लाकडी लिंग. समुपदेशक बाई नेमकं काय घडलं ते विचारतात. त्याला वाटतं त्या चपापतील. त्या कागदावर लिहीत राहतात. “हातानेच ना? मग चाचणीची गरज नाही. तुमचं समाधान हवं असेल तर करू, पण एकदाच, आणि तीन महिने झाल्यावर.” त्या एक तारीख लिहून देतात. तो उठत नाही. “आणि पॉझिटिव्ह आली असती तर कशाची भीती वाटली असती?” बाई विचारतात. तो बराच वेळ लाकडी लिंगाकडे बघत बसतो. मग म्हणतो, “बाबांना कळलं असतं.”